पाण्याचा हिशेब

आपल्या वस्तीत रिक्षा, टेम्पो, ट्रक चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आज आम्ही ऑस्ट्रेलियातील सिम्पसन वाळवंटाची माहिती देत आहोत. माउंट डेअर ते बर्ड्सव्हिल अंतर सुमारे ५०० किलोमीटर. वाटेत पंप नाही, गॅरेज नाही. वाळूची टेकाडे मात्र हजाराहून अधिक.

तिथे चारही चाकांना जोर मिळणारी गाडीच लागते. पण नुसत्या जोराने भागत नाही. निघण्यापूर्वी पट्टे, पाईप, बॅटरी, स्प्रिंगा तपासतात. दोन स्टेपन्या घेतात. टायरमधली हवा कमी करतात. टायर पसरला की वाळूत रुतत नाही. वाळूत डिझेल जास्त जळते, म्हणून जादा साठा हवा. तो टपावर ठेवू नये, गाडी कलंडते. पलीकडून येणाऱ्यास दिसावे म्हणून उंच काठीला झेंडा बांधतात. पाणी माणशी रोज किमान ५ लिटर, शिवाय अडकल्यास लागेल ते वेगळे.

१९६३ च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिलच्या दक्षिणेकडील रस्त्यावर पेट्रोल संपले आणि पाच जणांचे कुटुंब तहानेने मेले. त्यांनी गाडी सोडली होती. आता १ डिसेंबर ते १५ मार्च या वाळवंटातील उद्याने बंद असतात. बिघाड झाल्यास गाडीपाशीच थांबावे. विमानातून गाडी दिसते, माणूस सहसा दिसत नाही. परतीची तारीख मागे कोणाला तरी सांगून जावे.

आम्ही कारकून माणसे. वहीतली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. पाण्याच्या हिशेबात ती सोय नाही.