कोरी हा टाकीतला सफाई कामगार नव्हे

घरात माशांची काचेची टाकी आली की रंगीत माशांसोबत एखादा मिशीवाला छोटा मासाही घेतला जातो. ‘तळ साफ ठेवेल’ एवढीच त्याची ओळख. हा कोरीडोरास, म्हणजेच कोरी, मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा. तो विष्ठा खात नाही, शेवाळही काढत नाही. इतर माशांच्या उष्ट्यावर त्याचे भागत नाही. त्याला तळाशी बुडणारा खाऊ वेगळा द्यावा लागतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे एकटाच कोरी पाळणे. हा कळपात राहणारा मासा आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांच्या अभ्यासानुसार, ब्राँझ कोरी एकमेकांना हलकेच ढुशा देत हालचालींचा मेळ राखतात. एकटा पडलेला कोरी भेदरून कोपऱ्यात बसतो. म्हणून एकाच जातीचे किमान सहा ठेवावेत. तळाला खडीऐवजी बारीक वाळू हवी, नाहीतर मिशा झिजतात.

पाचोडसारख्या गावात खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. बहुतेक कोरींना २२ ते २६ अंश तापमान मानवते. मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, त्यात वीज गेली की पंपही बंद. कोरी पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू घेतो. अधूनमधून असे होणे स्वाभाविक. पण तो सारखाच वर येऊ लागला तर पाणी बिघडले असे समजावे. नळाच्या पाण्यातील ब्लीचिंग पावडर माणसाला रोगांपासून वाचवते, पण तिच्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना घातक असते. ते पाणी क्लोरीन काढूनच वापरावे.

हौस फिटली म्हणून मासे जवळच्या नाथसागरात किंवा गोदावरीत सोडणे तर मुळीच नको. टाकीतल्या शोभेसाठी आलेल्या सकर माशाने उजनी जलाशयात बस्तान बसवले असून, जाळी फाडणाऱ्या या माशाने मच्छीमार हैराण आहेत. कोरी सकरएवढा मोठा होत नसला, तरी परक्या माशांसोबत रोग आणि परजीवीही पाण्यात उतरतात.

सहा माशांना पुरेशी जागा, उन्हाळ्यात गारवा आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलण्याची तयारी नसेल, तर कोरी न घेणे हीच त्याच्यावरची माया. टाकीची सफाई हे माशाचे नव्हे, मालकाचे काम आहे.