शोधयंत्राच्या दारात मराठी लेखक

दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठीच्या गौरवाची भाषणे होतात. २०२४ साली भाषेला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंदही यथायोग्यच होता. परंतु संगणकावर मराठीतून काही शोधू पाहणाऱ्याला ते मराठीत सापडते का, हा प्रश्न त्या व्यासपीठांवर क्वचितच उपस्थित होतो. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक होते. नेमके पान सापडले नाही की त्यांतला वाचक हिंदी-इंग्रजीकडे वळतो, नाहीतर यंत्राने केलेल्या ओबडधोबड भाषांतरावर भागवतो. औषधपाण्याच्या माहितीत हे भागवणे महागात पडू शकते.

आंतरजालासाठी लिहिणाऱ्या तरुणांना 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' शिकवले जाते. शोधयंत्राला आणि वाचकाला मजकूर नीट उमजावा अशी त्याची मांडणी करणे, एवढाच त्याचा सरळ अर्थ. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी शिकवला जातो तो शब्द कोंबण्याचा उद्योग! पानाच्या पोटात दडवलेली 'कीवर्ड'ची यादी क्रम लावताना विचारात घेतली जात नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले. २०११ च्या 'पांडा' बदलानंतर पोकळ मजकुराचे कारखाने खाली घसरले. तरीही 'पुण्यातील सर्वोत्तम' हे पालुपद एका परिच्छेदात पाच वेळा आळवण्याची हौस फिटलेली नाही.

मराठी लेखकाची खरी अडचण शब्दनिवडीची आहे. सावरकरांच्या भाषाशुद्धीतले 'दिनांक' आणि 'महापौर' समाजात रुजले. सगळेच पारिभाषिक शब्द इतके भाग्यवान नसतात. लेखक 'मधुमेह' लिहितो, रुग्णाची मुलगी 'शुगर कमी करायला काय खावे' असे टंकते. गाव नमुना सातवर 'अधिकार अभिलेख पत्रक' छापलेले असते, शेतकरी मात्र 'सातबारा'च शोधतो आणि तोही अनेकदा रोमन अक्षरांत. शीर्षकात लोकांच्या तोंडचा शब्द आणि मजकुरात नेमकी परिभाषा, असे दोन्ही सुखाने नांदू शकतात. त्याने भाषा बाटत नाही. गीतेचा अर्थ श्रोत्यांच्या बोलीत आणणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या मराठीला तरी हा संकोच शोभणारा नाही.

दुसरी अडचण तांत्रिक, पण सुटण्याजोगी. युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेला मजकूर तसाच संकेतस्थळावर चढवला, तर शोधयंत्राला त्यात निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. कित्येक जुने, कसदार लेख अशाने असून नसल्यासारखे झाले आहेत. ते युनिकोडमध्ये आणण्याचे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते अभ्यासक्रमात हवे.

अशा प्रशिक्षणाचा पहिला तास तहसील कचेरीच्या रांगेत किंवा दवाखान्याच्या बाकावर व्हावा. लोक कोणत्या शब्दांत विचारतात, ते शिकाऊ लेखकाने वहीत टिपून घ्यावे. मग गूगलचे विनामूल्य 'सर्च कन्सोल' उघडावे. कोणते शब्द टंकून वाचक पानापर्यंत पोहोचला, हे त्यात दिसते. ते शब्द वहीशी ताडून पाहावेत आणि शीर्षक त्यानंतरच लिहावे.