दशांशाचा रुबाब

अर्थशास्त्रात गणित आलं म्हणून ते शास्त्र झालं, असं सांगणाऱ्यांचा मला आता कंटाळा आला आहे. गणिताशी माझं भांडण नाही. आपल्या महावीराचार्यांनी नवव्या शतकात ‘गणितसारसंग्रह’ रचला, त्यात व्याज आहे, सोन्याचा कस आहे, भागीदारीतली वाटणी आहे. व्यापाऱ्यांच्या समाजात गणिताला नावं कोण ठेवणार? माझं भांडण आहे ते अंदाजाला हिशेबाचे कपडे घालण्याशी.

२०१८-१९ चंच बघा. त्या वर्षी देशाचा जीडीपी किती वाढला? मे २०१९ मध्ये सांगितलं, ६.८ टक्के. जानेवारी २०२० मध्ये तेच वर्ष ६.१ वर आलं, आणि आणखी वर्षभराने ६.५ वर. आकडा सुधारला, चांगलंच केलं. लहान धंद्यांचे हिशेब उशिरा येतात, कित्येकांचे येतच नाहीत, तिथे अंदाज करावाच लागतो. पण मग पहिल्याच दिवशी ‘सहा ते सातच्या दरम्यान’ म्हणायला जीभ का जड होते? ०.१ ने वाढ घसरली की टीव्हीवर हमरीतुमरी, आणि इथे आकडाच ०.७ ने हलतोय!

हे काही आपल्यापुरतं नाही. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अमेरिकेतल्या नामवंतांनी २०१० मध्ये लिहिलं, की ज्या श्रीमंत देशांचं सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं, त्यांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का झाली. युरोपात सरकारी खर्च कापायला निघालेल्यांच्या हाती आयतंच कोलीत. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल शीट मागवून घेतली. सरासरी काढताना पाच देशच सुटले होते! शिवाय काही वर्षं गाळलेली, देशांना वजन देण्याची रीत अजब. त्याने आपल्या प्राध्यापकांबरोबर पुन्हा हिशेब मांडला, तर अधिक २.२. कपात त्या एका निबंधामुळे झाली असं नव्हे. पण तो दाखवून ती गळी उतरवली गेली.

स्वयंपाकघरातही अदमासच चालतो. पण मीठ चुकलं तर खाणारे समोर बसलेले असतात. यांची खारट आमटी दुसऱ्याच्या ताटात, तीही तीन वर्षांनी.

महालनोबिसांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना स्याद्वादाचा आधार घेतला, हे आपल्याच लोकांना फारसं ठाऊक नाही. ‘स्यात्’ म्हणजे ‘असेल बाई, कोण जाणे’ नव्हे. या अपेक्षेने, इतक्यापुरतं हे असं आहे, असं जबाबदारीने बोलणं म्हणजे स्यात्. त्याला कोणी कच्चेपणा समजू नये. उलट ६.८ असं ठणकावून सांगणं हाच एकांत.

आणि असं बोलणं जमत नाही असंही नाही. रिझर्व्ह बँक महागाईच्या अंदाजाचा आलेख छापते तो पंख्यासारखा, पुढे पुढे रुंद होत जाणारा. बातमीत येताना तेवढा तो पंखा मिटतो आणि मधली काडी उरते.