घर घ्या, पण पाणी कुठवर येते ते विचारून

घर पाहायला गेल्यावर आपण काय पाहतो? स्वयंपाकघरात उजेड आहे का, देवघर कुठे बसेल, मुलांची शाळा किती लांब पडेल आणि महिन्याचा हप्ता झेपेल का. मालकीची कागदपत्रे वकिलाला दाखवण्याची दक्षताही आता बरीच कुटुंबे घेतात. पण घर ज्या जमिनीवर उभे आहे तिची चौकशी मात्र बहुधा राहूनच जाते.

ही चूक किती महागात पडते, ते केरळमधील मराडू येथे साऱ्या देशाने पाहिले. कोचीजवळ खाडीच्या काठावरील चार गृहसंकुले ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी सुरुंग लावून पाडण्यात आली. सुमारे साडेतीनशे सदनिका काही सेकंदांत मातीला मिळाल्या. या इमारतींना स्थानिक पंचायतीचा बांधकाम परवाना होता. पण किनारी क्षेत्राचे नियम मोडले गेले होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. आयुष्यभराची पुंजी ओतणाऱ्या रहिवाशांचा दोष एवढाच, की हातात परवाना पाहून ते निश्चिंत झाले.

निळी रेषा, लाल रेषा

समुद्र किंवा खाडीजवळ घर घेत असाल तर बांधकामाला किनारी क्षेत्र प्राधिकरणाची मंजुरी लागत होती का आणि ती मिळाली आहे का, हे आधी विचारा. नदीकाठी घर घेत असाल तर पूररेषा पाहा. महाराष्ट्रात पाटबंधारे खाते दोन रेषा आखते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी असते, तर दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळते. आपला भूखंड कुठे येतो, हे नगररचना कार्यालयातील नकाशावर पाहता येते.

कागदावर मात्र सगळेच दिसत नाही. मुजवलेला नाला, भराव घातलेले तळे, जुनी कचराकुंडी यांवर इमारत उभी राहिली की वरून काहीच कळत नाही. कळते ते शेजारच्यांना. कोपऱ्यावरच्या भाजीवालीला सहज विचारावे, ‘‘मावशी, पावसाळ्यात इथे पाणी साचते का हो?’’ ‘‘साचते म्हणजे? त्या खांबापर्यंत येते!’’ असे उत्तर आले, तर तो खांब नीट पाहून घ्यावा. एखाद्या घराला खालच्या तीन-चार फुटांपर्यंतच नवा गिलावा आणि ताजा रंग असेल, तर तो का दिला, हेही विचारावे. घर एकदा तरी भर पावसाळ्यात पाहावे.

विहिरीचे पाणी

बोअरवेल किंवा विहिरीवर अवलंबून असलेले घर घेताना पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. फ्लोराइड जास्त असलेले पाणी दिसायला स्वच्छ आणि चवीला नेहमीसारखेच असते, पण वर्षानुवर्षे पिण्यात आल्यास दात आणि हाडे बिघडवते. उकळल्याने ते जात नाही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. जवळपास कारखाना असेल तर तपासणी अधिकच जरुरीची.

जुन्या घरावर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत अ‍ॅसबेस्टॉस असू शकते. पत्रे धड असतील तोवर धोका कमी. ते कापताना, फोडताना उडणारी धूळ मात्र फुप्फुसांना अतिशय घातक. ‘राहायला गेल्यावर काढून टाकू’ म्हणून स्वतः हातोडा घेऊ नका.

विकणाऱ्यांसाठी

‘सांगितले तर गिऱ्हाईक पळेल,’ असे विकणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, मालकाला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या दक्षतेने न दिसणारा मोठा दोष सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे. तो दडवणे म्हणजे फसवणूक ठरते. घरात एकदा पाणी शिरले होते, नंतर जोते उंच केले, हे आधीच सांगितले तर किंमत थोडी उतरेल, पण पुढची कोर्टकचेरी टळेल.

घेणाऱ्याने ही सारी चौकशी विसार देण्यापूर्वी करावी. पैसे दिल्यावर मन घराचे दोष पाहायला तयार होत नाही. आठ दिवस उशीर झाला तर एखादे घर हातचे जाईल. पण घाईत घेतलेल्या घरात दर पावसाळ्यात सामान माळ्यावर चढवत बसण्यापेक्षा ते केव्हाही परवडले.