एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स: लकडगंजच्या काउंटरवरचा जुना संगणक भंगारात का टाकायचा?

नागपूर : लकडगंजमधील लाकडाची वखार असो, प्लायवूडचे दुकान असो की ट्रान्सपोर्टचे ऑफिस, काउंटरमागच्या संगणकाची कामे ठरलेली असतात. टॅलीत नोंद, बिलाची प्रिंट, ईमेल आणि महिन्याचा जीएसटी. एवढ्या कामाला आठ-दहा वर्षांपूर्वीचे मशीनही पुरते. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट बंद केला. तेव्हापासून अशा दुकानदारांना दोनच सल्ले मिळतात. एक, नवा संगणक घ्या. दोन, चालतंय तोवर चालू द्या. पहिला खर्चिक आहे, दुसरा धोक्याचा. तिसरा मार्ग आहे, पण तो सांगणारे कमी. एकाच हार्ड डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच ड्युअल बूट.

जुन्या संगणकावर विंडोज ११ का चढत नाही?

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. ही अट बहुतेक मशीन पूर्ण करतात. अडते ते पुढच्या अटींवर. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूटची सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असावा लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे २०१५-१६ मध्ये घेतलेला आय-थ्री किंवा आय-फाइव्ह संगणक धडधाकट असूनही अधिकृत यादीतून बाद होतो.

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे. व्यावसायिक वापराची योजना वेगळी आहे. तिचा जाहीर दर पहिल्या वर्षी एका संगणकामागे ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो. छोट्या दुकानाला हे गणित परवडणारे नाही.

‘चालतंय की’ म्हणणे महागात कसे पडते?

सपोर्ट संपला म्हणून संगणक बंद पडत नाही, म्हणूनच धोका जाणवत नाही. मे २०१७ मधील वॉनाक्राय हल्ला आठवा. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी अपडेट घेतले नव्हते, ते सापडले. पुढच्याच महिन्यात तीच त्रुटी वापरणाऱ्या दुसऱ्या हल्ल्याने जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. तिथे निदान दुरुस्ती उपलब्ध तरी होती. सपोर्ट संपलेल्या विंडोजला नव्या त्रुटीची दुरुस्तीच मिळत नाही. नुसता अँटिव्हायरस ही उणीव भरून काढत नाही.

ड्युअल बूट म्हणजे नेमके काय?

एका प्लॉटवर दोन भावांची घरे असावीत, मध्ये भिंत आणि रस्त्याकडचे फाटक एकच, तसा हा प्रकार आहे. हार्ड डिस्कचे भाग पाडतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. एका भागात विंडोज राहते, दुसऱ्यात लिनक्स. संगणक सुरू केला की ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम विचारतो, कोणत्या घरात जायचे? एका वेळी एकच सिस्टीम चालते. त्यामुळे संपूर्ण रॅम आणि प्रोसेसर तिलाच मिळतो, जुन्या मशीनवर ओझे येत नाही.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतला. आज उबुंटू, लिनक्स मिंट अशी त्याची अनेक रूपे मोफत मिळतात. मूळ पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय आवृत्तीही त्यातलीच. मराठी टायपिंगची सोय त्यात आहे.

मग विंडोज काढूनच का टाकू नये?

कारण दुकान टॅलीवर चालते आणि टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनते. जुने बिल प्रिंटर, डिजिटल सहीच्या काही टोकनचे ड्रायव्हर, छपाईच्या दुकानांतले श्री-लिपी आणि कोरलड्रॉ यांचेही तेच. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवण्याच्या युक्त्या आहेत, पण हिशेबाच्या वह्या युक्तीवर सोपवू नयेत. ‘विंडोज फेका, लिनक्स घ्या’ हा उत्साही तरुणांचा सल्ला इथेच दुकानदाराच्या उपयोगाचा राहत नाही.

म्हणून कामाची वाटणी करायची. विंडोजमध्ये फक्त टॅली आणि प्रिंट, इंटरनेट बंद. नेटची सगळी कामे, म्हणजे बँक, ईमेल, व्हॉट्सॲप वेब आणि जीएसटी पोर्टल, लिनक्समधून. टॅलीतून विवरणाची जेसन फाइल काढायची, ती डी ड्राइव्हमध्ये ठेवायची आणि लिनक्सच्या ब्राउझरमधून पोर्टलवर चढवायची. प्रोप्रायटरी फर्म असेल तर मोबाइलवरच्या ओटीपीनेही विवरण भरता येते. कंपनी आणि एलएलपी यांना मात्र डिजिटल सही सक्तीची आहे. त्यांनी आपले टोकन लिनक्सवर चालते का, हे आधी तपासावे.

रोज दोनदा संगणक रिस्टार्ट करावा लागेल, हे खरे. गल्ल्यावर गर्दी असताना ते त्रासदायकही आहे. पण बँकेचा पासवर्ड आणि दहा वर्षांचा हिशेब एकाच उघड्या दारामागे ठेवण्यापेक्षा ती पाच मिनिटे स्वस्त आहेत.

करायचे कसे?

१. आधी बॅकअप. टॅलीचा डेटा, बिले, फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

२. डिस्कची तब्येत तपासा. कट-कट आवाज येत असेल किंवा फाइल उघडताना अडकत असेल, तर पार्टिशनला हात लावू नका. आधी डिस्क बदला. एसएसडी टाकली तर जुने मशीनही वेग घेते.

३. बिटलॉकर चालू आहे का पाहा. असल्यास ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा आणि बिटलॉकर बंद करा.

४. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. मग लिनक्सला ती पार्टिशन सुरक्षितपणे लिहिता येत नाही.

५. जागा मोकळी करा. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये श्रिंक व्हॉल्यूम वापरा. लिनक्स मिंटला किमान २० जीबी लागते, पण ५० जीबी ठेवली तर पुढे अडचण येत नाही.

६. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स घ्या आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच चालवून पाहा. वायफाय, प्रिंटर, आवाज चालले तरच पुढे जा.

७. इन्स्टॉल करताना ‘विंडोजसोबत’ हा पर्याय निवडा. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय तिथेच शेजारी असतो. दहा वर्षांचा डेटा जातो तो या एका क्लिकमध्ये.

कुठे बिघडते?

विंडोज ७ च्या काळातल्या मशीनवर डिस्कची जुनी, एमबीआर मांडणी असू शकते. तिच्यात चारच प्रायमरी पार्टिशन बसतात. सिस्टीमचा लपलेला भाग, सी, डी आणि ई असे चार आधीच प्रायमरी असतील, तर पाचवे होत नाही. नव्या जीपीटी मांडणीत १२८ पार्टिशनपर्यंत सोय आहे. विंडोज ज्या बूट पद्धतीत आहे, त्याच पद्धतीत लिनक्सही टाकावे लागते, नाहीतर निवडीचा मेन्यू दिसतच नाही.

दुसरी गंमत घड्याळाची. विंडोज मशीनच्या घड्याळाला स्थानिक वेळ मानते, लिनक्स जागतिक वेळ. त्यामुळे सिस्टीम बदलली की वेळ साडेपाच तासांनी सरकलेली दिसते. गंमत वाटते, पण बिलावर चुकीची तारीख पडू शकते. लिनक्समध्ये एक सेटिंग बदलले की हे थांबते.

तिसरे, विंडोजचे मोठे अपडेट कधी कधी लिनक्सची वाट अडवते. ऑगस्ट २०२४ मधील अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरू होईना. डेटा शाबूत होता, पण काम थांबले. म्हणून लिनक्सचा पेनड्राइव्ह पुसून टाकू नये, गल्ल्यात ठेवावा.

कोणी या वाटेला जाऊ नये?

ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. अनेक जण ते टॅलीतून थेट काढतात. त्यांची विंडोज नेटशिवाय ठेवता येणार नाही. अशांनी विंडोज ११ चा नवा संगणकच घ्यावा. त्या उलाढालीला तो खर्च जड नाही. ज्यांचे सगळे काम ब्राउझरमध्येच होते, त्यांना दोन सिस्टीमची गरज नाही, एकटे लिनक्स पुरे. ड्युअल बूट या दोघांच्या मधल्या दुकानदारासाठी आहे, आणि तोही कायमचा मुक्काम नव्हे. नवे मशीन सवडीने, पैसे जमवून घेता यावे, एवढी दोन-तीन वर्षे तो मिळवून देतो.

शिकवणार कोण?

खरी अडचण तंत्रज्ञानाची नाही, सवयीची आहे. एमएस-सीआयटी केलेल्या बहुतेकांनी वर्गात विंडोजच पाहिली. दुरुस्तीवालाही बिघाड दिसला की ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतो, कारण ग्राहक तेवढेच मागतो. केरळमधील सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअरवर शिक्षण दिले जाते आणि तिथली मुले त्यावर शिकतात. नागपुरातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना हे काम एका दिवसात शिकवता येईल. व्यापारी संघटनांनी बाजारबंदीच्या दिवशी एक शिबिर घेतले, तर किती तरी मशीन ई-कचऱ्यात जाण्यापासून वाचतील आणि चार मुलांना धंदाही मिळेल.

दुकानदाराने मात्र दिवस नीट निवडावा. मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी असते. मार्चअखेर तर नकोच. २० तारीख उलटली, बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला, की मगच पेनड्राइव्ह लावावा. आणि दुरुस्तीवाला बॅकअपबद्दल न विचारता थेट काम सुरू करत असेल, तर त्याला तिथेच थांबवावे.