एक्सप्लेनर : पंचविशीतला आमदार, आजोबांच्या वयाचे मतदार, तासगावच्या रोहित पाटलांपुढचा पेच काय?

२३ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला आणि १५व्या विधानसभेतला सर्वांत तरुण आमदार तासगाव-कवठेमहांकाळने दिला. रोहित पाटील, वय २५. राज्यघटनेच्या कलम १७३ नुसार विधानसभेसाठी किमान वय २५ लागतं. म्हणजे पात्र ठरल्यावरची पहिलीच निवडणूक त्यांनी जिंकली, तीही दोन वेळा सांगलीचे खासदार राहिलेल्या संजयकाका पाटलांविरुद्ध, २७ हजारांहून अधिक मतांनी.

पण ही मतं नेमकी कोणाला पडली?

मतदारसंघातल्या जुन्या माणसांसाठी रोहित म्हणजे 'आबांचा पोरगा'. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ ला गेले. त्यानंतर पोटनिवडणूक आणि २०१९ ची निवडणूक आई सुमनताईंनी जिंकली. १९९० पासून आमदारकी एकाच घरात आहे. याला घराणेशाही म्हणायचं का? म्हणायलाच हवं. फरक एवढाच, की आबांच्या राजकारणामागे साखर कारखान्याचं साम्राज्य नव्हतं. अंजनीसारख्या गावातून येऊन १९७९ ते १९९० अशी ११ वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेत काढली, मग विधानसभा गाठली. ती ११ वर्षं मुलाच्या वाट्याला आलेली नाहीत. त्याऐवजी २०२२ ची कवठेमहांकाळ नगरपंचायत आली. विरोधक एकत्र आले असताना रोहित यांनी तिथे बहुमत मिळवलं आणि विरोधकांना 'बापाची' आठवण करून देणारं त्यांचं भाषण राज्यभर मोबाइलवर फिरलं.

घरातला पोरगा मानण्यात माया आहे, तसा हक्कही आहे. चुकलं तर चारचौघांत कान धरायचा हक्क. आणि तुलना अटळ आहे. आबा उपमुख्यमंत्री होते, गृहमंत्री होते. त्यांच्या एका फोनवर फाइल हलायची. मुलगा विरोधी बाकावर, १० आमदारांच्या पक्षात. म्हैसाळ योजनेचंच घ्या. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उपसून दुष्काळी पट्ट्यात आणायचं, तर पंप चालायला हवेत. वीजबिल थकलं की पंप बंद, हे या भागाने अनेकदा सोसलंय. सरकारने बिलाचा ८१ टक्के भार उचलल्यावरही १९ टक्के शेतकऱ्यांकडेच राहतो. द्राक्षबागेला पाणी ऐन वेळी लागतं, ते नंतर येऊन उपयोग नाही. निधी आणि निर्णय मंत्र्याच्या हातात. आमदाराकडे प्रश्न, लक्षवेधी, पाठपुरावा आणि वर्षाचा स्थानिक विकास निधी. त्या निधीत रस्ते, सभामंडप होतील, उपसा योजना नाही. बापाच्या मंत्रिपदाचं माप मुलाच्या पहिल्याच आमदारकीला लावणं अन्यायाचं आहे. मात्र मतं मागताना वारसा पुढे केला, तर हे मापही सोबत येणारच.

मुंबईत चित्र उलटं आहे. पक्षाने रोहित यांना विधानसभेत मुख्य प्रतोद केलं. व्हिप मोडून मतदान केलं आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर दहाव्या परिशिष्टानुसार आमदारकी जाऊ शकते. रोहित यांचा व्हिप ज्यांना लागू होतो, त्यांत जयंत पाटील आहेत. जिल्हा तोच, सांगली. पहिल्यांदा आमदार झाले ते वर्षही आबांचंच, १९९०. गावाकडे अशा माणसाच्या पाया पडायचं आणि सभागृहात त्यांनाच आदेश बजावायचा! अर्थात इथे वयापेक्षा पद मोठं, आणि ते सगळ्यांनाच कळतं.

खरी अडचण तरुण मतदारांची आहे. २०२४ मध्ये पहिल्यांदा मतदान केलेली मुलं आबा गेले तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांची होती. त्यांनी आबांना पाहिलं ते बहुतेक रील्समधूनच. २०२९ मध्ये रोहित तिशीत असतील आणि तेव्हा १८ पूर्ण करणारी मुलं २०११ च्या आसपास जन्मलेली. त्यांच्याकडे आबांची आठवणच नसेल. ती विचारतील, बागेला पाणी किती दिवस आलं?