सातबारा आणि व्हिसा

वसमतच्या हळद उत्पादकाला अमेरिकेतील मुलाकडे सहा महिने राहावयाचे, तर आधी मुंबई वा हैदराबाद गाठावे लागते. तेथील कायद्याचे गृहीतकच विलक्षण : पाहुणा कायमचा राहण्यासाठीच येत आहे, असे मानावयाचे, तसे नाही, हे त्यानेच सिद्ध करावयाचे! सातबारा पुढे केला तरी नकार मिळू शकतो. 185 डॉलर बुडतात ते निराळेच. 79 वर्षांवरील वृद्धांना मुलाखतीतून असलेली सूटही सप्टेंबर 2025 मध्ये गेली. कोणाला प्रवेश द्यावा हा त्या देशाचा अधिकार, हे मान्य. पण ऐंशी उलटलेल्या आईची ही फरफट कशासाठी? संरक्षणमंत्री असलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांची वॉशिंग्टनच्या विमानतळावर झडती झाली, तेव्हा निदान 2004 मध्ये दिलगिरी तरी व्यक्त झाली. वृद्धांच्या सवलतीचा आग्रह दिल्लीनेच धरावयास हवा. हिंगोलीच्या म्हातारीचे तेथे ऐकणार कोण?